लिहायचं एक, म्हणायचं किरिबास

आमच्या कॉलेजच्या एमयूएनमधली गोष्ट. एमयूएन म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स. प्रत्येकाला एकेक देश मिळतो आणि दोन दिवस त्या देशाचा प्रतिनिधी म्हणून भांडायचं असतं. अमेरिका, चीन, रशिया सीनियर्सना जातात. पहिल्यांदा आलेल्यांच्या वाट्याला नकाशात शोधावे लागतील असे देश येतात. माझ्या मैत्रिणीच्या हातात असंच एक प्लॅकार्ड पडलं. स्पेलिंग होतं के-आय-आर-आय-बी-ए-टी-आय.

पहिल्या सेशनचा रोल कॉल सुरू झाला. चेअरवर बसलेल्या सीनियरने नाव पुकारलं, ‘‘किरिबाटी?’’ ही उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘किरिबास, प्रेझेंट अँड व्होटिंग.’’

चेअरने मान वर केली. म्हणाला, ‘‘डेलिगेट, आधी स्वतःच्या देशाचं नाव तरी नीट वाचून या.’’ सगळा हॉल हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसले. मलाही वाटलं, ही घाबरून काहीतरीच बोलून गेली. ती खाली बसली आणि त्या सेशनमध्ये तिने एकदाही प्लॅकार्ड वर केलं नाही.

दुपारी कँटीनमध्ये चहाचा कप बाजूला सारून तिने मला टिश्यू पेपरवर पेनाने तेरा अक्षरं लिहून दाखवली. तेव्हा कळलं की त्या हॉलमध्ये ते नाव बरोबर म्हणणारी एकटी तीच होती, आणि सगळ्यांचं हसू खायची वेळही तिच्यावरच आली होती.

म्हणून हा लेख.

तेरा अक्षरांची बाराखडी

पॅसिफिक महासागराच्या बरोबर मध्यावर विषुववृत्ताला लागून ३३ बेटं पसरलेली आहेत. एक सोडून सगळी प्रवाळाची कंकणाकृती बेटं, म्हणजे मध्ये खाऱ्या पाण्याचं तळं आणि भोवती जमिनीची बारीक कड. सगळी जमीन एकत्र केली तर होते जेमतेम ८११ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून साधारण सहाशे होतात, त्यावरून अंदाज घ्या. पण या देशाच्या हक्काचा समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या भारताच्या क्षेत्रफळाहून थोडा मोठाच. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. त्यातले निम्म्याहून जास्त लोक राजधानीच्या दक्षिण तारावा या पट्ट्यात राहतात.

इथली भाषा रोमन लिपीत लिहितात. पण इंग्रजीची सव्वीस अक्षरं त्यांना लागतच नाहीत. त्यांचं तेरात भागतं : ए, बी, ई, आय, के, एम, एन, एनजी, ओ, आर, टी, यू आणि डब्ल्यू. यात ‘एनजी’ हे जोडाक्षर नाही, ते एकच अक्षर मानलं जातं. जी नाही, एल नाही, डी नाही, पी नाही आणि मुख्य म्हणजे एस नाही.

एस नाही म्हणजे ‘स’ हा आवाज नाही असं मात्र नाही. या भाषेत ‘टी’च्या पुढे ‘आय’ आला की त्या ‘टी’चा उच्चार ‘स’ होतो. शब्दाच्या शेवटी असेल तर तो ‘आय’ जवळपास ऐकूच येत नाही. बोलणाऱ्याला वेगळं अक्षर लागत नाही, कारण कुठे ‘त’ म्हणायचं आणि कुठे ‘स’ हे त्याला आपोआप कळतं.

हे विचित्र वाटतंय? मग ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ हे दोन शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा. दोन्हीकडे अक्षर एकच, च. पण चंद्रातला च वेगळा आणि चांदण्यातला वेगळा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांचंही तेच. कागदावर कुठलीही खूण नाही, तरी मराठी घरातलं चार वर्षांचं पोरही यात चुकत नाही. बाहेरून मराठी शिकायला आलेला माणूस मात्र चांदण्यात चंद्रातला च घालतो आणि आपण गालातल्या गालात हसतो. किरिबासच्या लोकांच्या दृष्टीने ‘किरिबाटी’ म्हणणारे आपण सगळे त्या बाहेरच्या माणसासारखेच.

गिल्बर्टचं काय झालं?

आता खरी गंमत. हे नाव मुळात तिथलं नाहीच. ते एका इंग्रज कप्तानाचं आडनाव आहे.

१७८८ साली ब्रिटनहून कैद्यांना घेऊन पहिला जहाजांचा ताफा ऑस्ट्रेलियाला पोहोचला. त्यातली दोन जहाजं कैदी उतरवून चहा भरायला चीनकडे निघाली. ‘शार्लट’ या जहाजाचा कप्तान होता थॉमस गिल्बर्ट आणि ‘स्कारबरो’चा जॉन मार्शल. वाटेत त्यांना ही बेटं दिसली. ते पुढे निघून गेले, पण नावं मागे राहिली. १८२० च्या सुमारास क्रुझेनश्टेर्न या रशियन दर्यावर्दी अधिकाऱ्याने नकाशात या बेटांना गिल्बर्टचं नाव दिलं. उत्तरेकडची बेटं मार्शलच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आजही तो देश मार्शल आयलंड्सच आहे.

इंग्रजीत या बेटांना सगळे ‘द गिल्बर्ट्स’ म्हणू लागले. शेवटच्या ‘स’कडे लक्ष द्या, तो अनेकवचनाचा आहे. आता हा शब्द तेरा अक्षरांच्या चाळणीतून काढा. ‘ग’ नाही, म्हणून ‘क’. ‘ल’ नाही, म्हणून ‘र’. व्यंजनाला व्यंजन चिकटलेलं चालत नाही, म्हणून मध्ये स्वर टाकायचा. ‘गिल’चं झालं ‘किरि’. ‘बर्ट’मधला ‘र’ इंग्रज माणूस म्हणतच नाही, म्हणून उरला ‘बा’. आणि शेवटच्या ‘ट्स’साठी हाताशी होतं ‘टी-आय’, म्हणजेच ‘स’. जोडा बघू : कि-रि-बा-स.

म्हणजे आपण ज्याला ‘टी’ म्हणून ठासून वाचतो, तो खरं तर गिल्बर्ट्सच्या शेपटीचा ‘स’ आहे.

असं आपणही भरपूर केलंय. पोर्तुगीजांच्या हॉस्पिटलचं आपण इस्पितळ केलं, प्लॅटूनची पलटण केली आणि लॉर्डचा लाटसाहेब केला. परका शब्द आपल्या जिभेवर बसेपर्यंत घडवायचा आणि मग तो आपलाच म्हणून वापरायचा. किरिबासही तसाच घडलेला शब्द आहे, फक्त तो एका देशाचं नाव झाला.

ही चाल एकदा कळली की बाकीची कोडी भराभर सुटतात. नकाशावर या देशात किरिटिमाटी नावाचं बेट दिसतं. त्यातल्या दोन्ही ‘टी-आय’ना ‘स’ करा. किरिसिमास. आलं लक्षात? ख्रिसमस! कॅप्टन कुक १७७७ च्या २४ डिसेंबरला या बेटाशी पोहोचला होता, म्हणून ते नाव. हे एकटं बेट ३८८ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे देशाची जवळपास अर्धी जमीन तिथेच. तिथल्या एका गावाचं नाव आहे रोन्टोन. ‘ल’चा ‘र’ आणि ‘ड’चा ‘ट’ झालाय एवढं सांगते. बरोबर, लंडन.

या देशाच्या राष्ट्राध्यक्षाला म्हणतात बेरेटिटेन्टी. यातलेही ‘टी-आय’ ‘स’ करून बघा. बेरेसितेन्स. म्हणजे प्रेसिडेंट! १९९० च्या दशकातल्या एका राष्ट्राध्यक्षांचं नाव इंग्रजीत तेबुरोरो टिटो असं दिसतं. म्हणताना ते सीटो होतं.

टाइपरायटरची थाप

अक्षरांत एस का नाही, याची एक मजेशीर गोष्ट सांगितली जाते. म्हणे ज्या मिशनऱ्याने ही भाषा पहिल्यांदा लिहिली, त्याच्या टाइपरायटरचं एसचं बटण मोडलेलं होतं. म्हणून त्याने ‘टी-आय’वर काम भागवलं. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करायला झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. हायरम बिंगम हा अमेरिकन मिशनरी १८५७ मध्ये अबायांग बेटावर उतरला आणि त्याने ही भाषा लिपीत बसवली. टाइपरायटर बाजारात यायला त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं जावी लागली. मोडायला बटण तर हवं ना!

खरं कारण साधं आहे. बिंगमचा जन्म होनोलुलूचा. हवाई बेटांची भाषा मोजक्याच रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत त्याच्या वडिलांच्या पिढीतल्या मिशनऱ्यांनी बसवली होती. इथेही तीच काटकसर चालली. ‘त’ आणि ‘स’ हे या भाषेत एकाच आवाजाचे दोन अवतार होते, म्हणून अक्षरही एकच पुरलं. बिंगमने पुढे अख्खं बायबल या भाषेत आणलं आणि तीच लेखनपद्धत रुळली.

थापेतली अडचण वेगळीच आहे. तिच्यामुळे असं वाटतं की या लोकांची भाषा कुणाच्या तरी मोडक्या यंत्राने घडवली. प्रत्यक्षात भाषा आधी होती, तिचे नियमही होते, आणि लिपीला त्या नियमांशी जुळवून घ्यावं लागलं.

मग स्वतःचं जुनं नाव का नाही घेतलं?

कँटीनमध्ये मी मैत्रिणीला हाच प्रश्न विचारला. स्वातंत्र्य मिळाल्यावर कुणी साहेबाचं नाव ठेवतं का? शेजाऱ्यांनी तर टाकून दिलं. गिल्बर्ट आणि एलिस ही दोन्ही बेटं ब्रिटिशांच्या एकाच वसाहतीत होती. एलिस हे एका ब्रिटिश खासदाराचं आडनाव. १९७४ मध्ये एलिसच्या लोकांनी मतदान करून वेगळं व्हायचं ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९७८ ला ते तुवालू या नावाने स्वतंत्र झाले. तुवालू हा त्यांच्या भाषेतला शब्द, अर्थ ‘एकत्र उभे असलेले आठ’.

गिल्बर्टच्या लोकांकडेही जुनं नाव होतं, तुंगारू. पण ते फक्त गिल्बर्ट साखळीतल्या १६ बेटांचं होतं. १२ जुलै १९७९ ला जो देश जन्माला येणार होता, त्यात हजारो किलोमीटर पूर्वेकडची फिनिक्स आणि लाइन ही बेटंही होती आणि पश्चिमेला एकटं पडलेलं बनाबाही होतं. सगळ्यांना तुंगारू म्हटलं असतं तर उरलेल्यांचं काय? शेवटी नाव ठरलं ते सगळ्यांच्या जिभेवर असलेलं. पण साहेबाच्या स्पेलिंगमध्ये नाही, स्वतःच्या. पहिले राष्ट्राध्यक्ष इएरेमिया ताबाई तेव्हा तिशीच्याही आत होते, म्हणजे आपल्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठे.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. आपल्याकडे ‘पूना’चं ‘पुणे’ केलं तेव्हा आपण इंग्रजी स्पेलिंग बदललं, उच्चार जुनाच ठेवला. तरी पुण्याचं नवं स्पेलिंग बघून नवखा परदेशी माणूस ‘प्यून’ वाचतोच. शीवचं सायन झालं ते तर आता मराठी माणसाच्याही तोंडी बसलं. किरिबासने काय केलं? इंग्रजी वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी एस घालून नवं स्पेलिंग काढता आलं असतं. ते त्यांनी केलं नाही. आमचं नाव आमच्या नियमाने लिहू, इंग्रजीतही तसंच छापा, आणि वाचायचं कसं ते जरा विचारून घ्या, असा तो व्यवहार आहे. १४ सप्टेंबर १९९९ ला हा देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, तोही याच स्पेलिंगने.

नावात काय आहे?

आता कुणी म्हणेल, सव्वा लाख लोकांचा देश, टी काय आणि स काय, एवढा काथ्याकूट कशाला?

या बेटांच्या नावांचा इतिहास बघितला की उत्तर मिळतं. बनाबा बेटाला इंग्रजीत ओशन आयलंड म्हणत. १९०० साली तिथे फॉस्फेट सापडलं आणि पुढची जवळपास ऐंशी वर्षं ते बेट खणून काढलं गेलं. त्या खतावर दूरदेशची शेतं पिकली. १९४५ मध्ये बनाबाच्या बहुतेक लोकांना फिजीतल्या राबी या बेटावर नेऊन वसवलं गेलं. जगाच्या लेखी ‘ओशन आयलंड’ ही एक खाण होती. बनाबा हे कुणाचं तरी घर होतं, हे त्या इंग्रजी नावातून कळायला मार्गच नव्हता.

किरिटिमाटीचंही तेच. १९५७ आणि ५८ मध्ये ब्रिटनने या भागात हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या केल्या आणि १९६२ मध्ये अमेरिकेने. इतिहासाच्या पुस्तकात त्या ‘ख्रिसमस आयलंड’वर झाल्या असं लिहिलेलं असतं. नावच असं सणासुदीचं की तिथे बेटावर माणसं होती हे डोक्यातच येत नाही.

आणि आता समुद्राची पाळी. इथली बहुतेक जमीन समुद्रसपाटीपेक्षा दोन-तीन मीटरच उंच आहे. मोठ्या भरतीला खारं पाणी विहिरीत शिरतं, तारोची खाचरं नासतात. २०१४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अनोते टाँग यांच्या सरकारने फिजीत सुमारे २० चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली. वेळ आलीच तर अन्न पिकवायला, नाहीतर राहायला, स्वतःच्या मालकीची थोडी उंचावरची जागा असावी म्हणून. ‘सन्मानाने स्थलांतर’ हे टाँग यांचं धोरण होतं. नंतरच्या सरकारने सूर बदलला आणि आपण इथेच राहायचं, बेटं उंच करायची, यावर भर दिला. किरिबासचा एक माणूस तर हवामान बदलामुळे घरी परत जाणं धोक्याचं आहे, असं म्हणत न्यूझीलंडच्या न्यायालयांत आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेला. २०२० च्या जानेवारीत समितीचा निर्णय जाहीर झाला. तो हरला. पण हवामानामुळे जिवाला धोका असेल तर माणसाला परत पाठवणं चुकीचं ठरू शकतं, हे समितीने पहिल्यांदा मान्य केलं.

ज्या देशाला जमीन राहील की नाही याचा विचार करावा लागतोय, त्याच्याकडे खात्रीने राहील असं फार थोडं आहे : भाषा, नाच, गाणी आणि नाव. डेव्हिड कातोआताऊ हा किरिबासचा वेटलिफ्टर आठवतोय का? २०१४ च्या ग्लासगो कॉमनवेल्थमध्ये त्याने देशाला पहिलंवहिलं पदक मिळवून दिलं, तेही सोन्याचं. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला तो पदकापासून लांब होता, तरी वजन उचलून झाल्यावर मंचावर मनसोक्त नाचला. लोक हसले, व्हिडिओ जगभर फिरला. आपला देश बुडतोय हे लोकांना कळावं म्हणून आपण नाचतो, असं त्याने सांगितलं होतं. त्याच्या नाचामुळे ज्यांनी देशाचं नाव गूगलवर शोधलं, त्यांनी ते निदान नीट म्हणायला काय हरकत आहे?

पण आपण ‘जर्मनी’ही म्हणतोच ना?

हा मुद्दा आमच्या ग्रुपवर एकाने काढला आणि तो चुकीचा नाही. जर्मन माणूस स्वतःच्या देशाला डॉइचलांड म्हणतो, जपानी माणूस निप्पोन म्हणतो. आपण जर्मनी, जपान म्हणतो आणि कुणाचा अपमान होत नाही. मग किरिबासचेच लाड का?

फरक असा आहे. जर्मनी, जपान, चीन हे मराठीत कधीच मुरलेले शब्द आहेत, आपल्या जिभेवर घडलेले. ‘किरिबाटी’ मराठीत घडलेला नाही, इंग्रजीतही घडलेला नाही. ती एका स्पेलिंगची चुकलेली वाचणी आहे. पॅरिसला आपण फ्रेंचांसारखं ‘पारी’ म्हणत नाही, ठीक आहे. पण जुनं नाव असणं वेगळं आणि आहे ते नाव चुकीचं वाचणं वेगळं.

तरी एक सांगते. काही इंग्रजी शब्दकोश आता दोन्ही उच्चार देतात, ‘किरिबास’ही आणि शेवटी ‘टी’ असलेलाही. म्हणजे ‘किरिबाटी’ म्हणणाऱ्याला फासावर द्यायची गरज नाही. आमच्या चेअरने जे केलं ते आपण दुसऱ्या बाजूने करायला लागलो, तर शिकलो काय? कुणी चुकलं तर भर वर्गात टोकू नका. पुढच्या वाक्यात तुम्ही बरोबर उच्चार करा, ऐकणारा हुशार असेल तर कान टवकारेल.

देवनागरीत लिहिताना तर आपल्याला सबबच नाही. इंग्रजी बिचारी स्पेलिंगमध्ये अडकलेली आहे. आपली लिपी ऐकू येतं तसं लिहू देते. मराठी बातम्यांत हे नाव किरिबाटी, किरिबाती असं दिसतं. सरळ ‘किरिबास’ लिहिलं तर ते मुळाच्या जास्त जवळ जातं.

इंग्रजीत वापरताना

प्रेझेंटेशन, क्विझ, स्पर्धा परीक्षा, एमयूएन, कुठेही हे नाव आलं तर एवढं लक्षात असू द्या.

• देशाच्या नावाआधी ‘द’ लावायचा नाही. ‘द गिल्बर्ट आयलंड्स’ला ‘द’ लागायचा, आता त्या १६ बेटांच्या साखळीबद्दल बोलताना आजही लागतो. देशाला नाही. पूर्ण नाव लिहिताना मात्र ‘द रिपब्लिक ऑफ किरिबास’, स्पेलिंगमध्ये अर्थातच टी-आय.

• मूळ शब्द अनेकवचनातून आलेला असला तरी देश एकच आहे. म्हणून इंग्रजी क्रियापद एकवचनी, ‘इज’. ‘आर’ नाही.

• तिथल्या माणसाला ‘किरिबाशियन’ वगैरे म्हणू नका. शब्द आहे आय-किरिबास. आधी कॅपिटल आय, मग छोटी रेघ, मग देशाचं नाव. पहिल्या अक्षराचा उच्चार ‘आय’ नाही, ‘ई’. एक माणूस असो की हजार, शब्द तोच. शेवटी एस लावायचा नाही.

• भाषेला इंग्रजीत अजून बरेच जण गिल्बर्टीज म्हणतात आणि ते चूक नाही. तिथले लोक ‘ते ताएताए नि किरिबास’ म्हणतात, म्हणजे किरिबासची भाषा.

• ‘टी-आय’ दिसलं की ‘स’. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन आणि जपानी सैन्याची तारावाची भीषण लढाई ज्या बेटावर झाली, त्याचं नाव इंग्रजीत बेटिओ दिसतं. आता ते तुम्हीच वाचा. बेसिओ.

• आणि भेटलंच कुणी तिथलं, तर नमस्काराचा शब्द आहे ‘मौरी’.

रोल कॉल, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी सेशन सुरू होण्याआधी मैत्रिणीने चेअरच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. एमयूएनमध्ये चिठ्ठ्या पाठवायची पद्धतच असते. तिने त्यात काय लिहिलं होतं ते मी वाचलं होतं. ‘सर, टी-आयचा उच्चार स होतो. किरिटिमाटी हे नाव वाचून बघा.’ बस, एवढंच. तक्रार नाही, टोमणा नाही.

त्याने चिठ्ठी वाचली, खिशात ठेवली. चेहऱ्यावरून काही कळेना. मग रोल कॉल सुरू झाला. जमैका झालं, जपान झालं, केनिया झालं. पुढच्या नावापाशी तो थबकला. ओठ हलवून काहीतरी पुटपुटला आणि मग म्हणाला, ‘‘किरिबाश?’’

अगदी बरोबर नव्हतं. पण आदल्या दिवशीपेक्षा खूप जवळ होतं. मैत्रीण उभी राहिली, हसली आणि म्हणाली, ‘‘किरिबास, प्रेझेंट अँड व्होटिंग.’’

यावेळी हॉलमध्ये कुणी हसलं नाही. आणि त्या दिवशी तिचं प्लॅकार्ड अकरा वेळा वर गेलं. मी मोजत होते.